चौथी पट्टी

"ड्रेस तं पाहिजेच, कॅप्टन साहेब," बकाराम म्हणाला आणि ओसरीवरच्या खाटेवर अशा बेताने बसला, की हो म्हणवून घेतल्याशिवाय उठायचं नाही. "आमी पोस्टरवर तुमचा ड्रेसवरचा फोटो टाकला. आता तुमी पायजम्यावर आले तं लोक म्हनतील, समितीनं दुसराच मानूस आनला."

बकाराम हा पिंपळटोल्याच्या मंडई समितीचा अध्यक्ष. दिवाळी सरली की आमगावच्या या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते. घरोघर पाहुणे येतात, शिंगाड्यांची आणि जिलबीची दुकानं लागतात, दंडार नाचते, आणि लग्नाच्या वयाची मुलंमुली एकमेकांना न पाहिल्यासारखं करून नीट पाहून घेतात. अध्यक्षाचं काम मंडई नीट पार पाडणं हे असतंच, पण शेजारच्या गावची मंडई आपल्यापेक्षा फिकी पडली पाहिजे, हे त्याहून मोठं काम असतं.

"ड्रेस हैदराबादला राहिला, काकाजी," दुर्गेश म्हणाला.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. नोकरीत ते काम कंपनी करायची. तो फक्त माइकवर वाचून दाखवायचा.

"कायचा हैदराबादले?" आतून त्याच्या आईचा, शांतीबाईचा आवाज आला. "बॅगमधीच होता. मी काल धुतला, इस्त्री केला, टांगून ठेवला."

बकाराम उठला. त्याचं काम झालं होतं. दारात थांबून तो म्हणाला, "दुपारी विमान गेलं का नारळ. दरसालसारखा."

दुर्गेश खाटेवर तसाच बसून राहिला.

दुर्गेश हरिणखेडे हा नीलपंख नावाच्या विमान कंपनीत कॅप्टन आहे, असं पिंपळटोला समजत होता. गावाचं फार चुकत नव्हतं. दिवाळीच्या थोडं आधीपर्यंत तो होताच.

कंपनीवरचं संकट आधी बिस्किटांवर आलं. वैमानिकांना चहाबरोबर दोन बिस्किटं मिळायची, ती बंद झाली. मोठ्या साहेबांनी सांगितलं की हे आरोग्यासाठी आहे. मग पगार उशिरा येऊ लागला. मग उशिरा आणि अर्धा. राहिलेल्या अर्ध्याला 'योगदान' म्हणायचं, असं ठरलं. जे आपण दिलं हे आपल्याला नंतर कळतं, त्याला योगदान म्हणतात. भाड्याने आणलेली विमानं एकेक करून मालकांनी परत नेली, आणि उरलेल्या विमानांच्या मानाने कॅप्टन जास्त झाले. मग एक मोठी बैठक झाली. साहेब म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत, कोणाला काही विचारायचं असेल तर मोकळेपणाने विचारा. कोणीच काही विचारलं नाही. दुर्गेशने विचारलं. आमच्या पगारातून कापलेला प्रॉव्हिडंट फंड भरला का, एवढंच.

पुढच्या आठवड्यात कुटुंबाने त्याला कळवलं, की पुनर्रचनेत तो आता सहवैमानिक आहे.

वैमानिकाच्या खांद्यावर काळ्या फिती असतात आणि त्यावर सोनेरी पट्ट्या. कॅप्टनला चार, सहवैमानिकाला तीन. स्टोअरमधल्या माणसाने जुन्या फिती मोजून घेतल्या, नव्या मोजून दिल्या आणि रजिस्टरवर सही मागितली. एवढंच. ज्या भूपेंद्रला दुर्गेशने विमान उतरवायला शिकवलं होतं, तो आता डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत बसू लागला. भूपेंद्र भला माणूस. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसेचना. "सर, आप बैठो ना," म्हणत उभाच राहिला. शेवटी दुर्गेशलाच त्याला ऑर्डर द्यावी लागली.

त्याला पट्टीपेक्षा वेगळंच काही लागलं होतं. गावाजवळच्या बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं विमान वळण घेतं तेव्हा पिंपळटोला डाव्या खिडकीत येतो. तळं, देवळाचा कळस, धानाच्या शेतांच्या चौकोनी बांध्या आणि कौलारू घरांमधलं आपलं निळ्या पत्र्याचं छप्पर. उजव्या खुर्चीतून नुसतं आभाळ दिसतं.

डावीकडे बसायचा तेव्हा तो गावावर आला की विमानाचा पुढचा दिवा क्षणभर लावायचा. दिवा लावणं नियमात बसतं. आईसाठी लावणं बसतं की नाही, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. गावाने मात्र या दिव्याचं मोठं प्रस्थ करून ठेवलं. विमान गेलं की बाया भात टाकायच्या. विमान गेलं की शाळेची घंटा व्हायची. शालीकराम पानठेलेवाला तर शपथेवर सांगायचा, की खिडकीत आपल्याला दुर्गेशचा चेहरा दिसला आणि तो जरा वाळलेला वाटला. आणि तीन सालांपासून मंडईचा नारळ विमान डोक्यावर आलं की फुटायचा. आजूबाजूच्या कुठल्याही गावाकडे असं काही नव्हतं. बकारामला रात्री शांत झोप लागायची ती याच्यावर.

मागच्या फेरीनंतर दुर्गेश बिरसीहूनच गावी आला होता. मंडईसाठी सुट्टी काढली, असं त्याने आईला सांगितलं. कंपनीने बिनपगारी घरी बसवलं होतं. हैदराबादहून निघताना बायको, रविता, दारापर्यंत आली होती. "यावेळी मायला सांगूनच या," ती म्हणाली होती. "दुसऱ्या कोनाकडून कळलं तं ते वाईट."

आल्यापासून तो सांगणार होता. पहिल्या दिवशी आई वडे तळत होती. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. काल ती दिवसभर आत काहीतरी करत बसली होती आणि विचारलं तर म्हणाली, "तुया कामाचं नाई."

तो आत गेला. भिंतीच्या खिळ्यावर पांढरा शर्ट टांगलेला होता. तिने त्याला नीळ दिली होती, कॉलरला कांजी केली होती, इतकी की शर्ट माणसाशिवायही उभा राहिला असता. आणि खांद्यावर फिती चढवल्या होत्या.

त्याने पट्ट्या पाहिल्या. पुन्हा पाहिल्या.

चार होत्या.

"पाहून राहिला का?" शांतीबाई हात पुसत आली. तिचा चेहरा काहीतरी लपवून ठेवलेल्या पोरासारखा झाला होता. "एक एक पट्टी निघून गेली होती, दोनी खांद्यावरची. तुले मालूमच नाई! कुठं पडली का मालूम. कंपनीचं शिवण असंच रायते, कच्चं. मी म्हटलं, मंडईत कोनी मोजल्या तं?"

"माय, ही जरीची पट्टी कुठली?"

"माह्या लग्नातल्या लुगड्याचा काठ होता. लुगडं पडूनच होतं पेटीत. चष्मा लावून शिवली. रंग जरासा पिवळा दिसते, पन दुरून कोनाले समजते?"

चौथी पट्टी बाकीच्या तिन्हींपेक्षा खरंच पिवळी होती. बाकीच्या मशीनवरच्या, एका मापाच्या. हिचे टाके बारीक, हाताचे, कडेला एका जागी किंचित उसवलेले. दुर्गेशने तिच्यावर बोट ठेवलं. सांगायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, हे त्याला कळत होतं. इंजिनात बारीकसा वेगळा आवाज आला तर तो हजार आवाजांत ओळखायचा आणि लगेच बोलायचा. इथे आवाज स्वतःच्या छातीत येत होता, आणि तो म्हणाला,

"चांगली शिवली, माय."

"घाल मंग. पाहू दे."

त्याने घातला.

निघण्याआधी त्याने विहिरीपाशी जाऊन भूपेंद्रला फोन लावला. घराच्या मागे तिथेच रेंज मिळायची. आज दुपारची फेरी भूपेंद्रची होती.

"भूपेंद्र, गावावर आलास की दिवा लावशील ना? आज मंडई आहे."

पलीकडे मागे कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं.

"लाइट तो मार दूँगा, सर," भूपेंद्र म्हणाला. "विमान उठलं तर."

"म्हणजे?"

"तेलवाले आज उधार नाही म्हणतात. आणि काही लोक आलेत, सूटबूटवाले. विमानाभोवती फिरून फोटो काढून राहिलेत." त्याने आवाज खाली आणला. "सर, आपल्या विमानाचा कोणी फोटो काढतं का कधी? मी ठेवतो. मला बोलावून राहिले."

आई अंगणातून हाक मारत होती. तिने नवीन लुगडं नेसलं होतं, लग्नातलं आता काठाशिवायचं होतं.

मंडईचं मैदान म्हणजे गावाबाहेरच्या कापणी झालेल्या बांध्या. धानाची धसकटं पायाला टोचत होती, त्यातूनच लोकांचे लोंढे येत होते. दुर्गेशने घरची जुनी गाडी शेताच्या कडेला, धुऱ्याजवळ लावली. मध्ये मंडप, मंडपावर भोंगा, भोंग्यात शालीकराम. तो कॅप्टन साहेबांचं आगमन झाल्याचं सांगत होता, आणि दुर्गेश जिकडे वळेल तिकडे माणसं बाजूला होत होती. म्हातारे हात जोडत होते. एका बाईने आपल्या पोराला पुढे ढकललं आणि म्हणाली, "पाय पड, विमानवाल्याच्या." पोरगा पाया न पडता पट्ट्या मोजायला लागला. दुर्गेशने त्याला घाईघाईने उचलून घेतलं.

शांतीबाईला बायांच्या पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. गावात खुर्ची मिळणं ही साधी गोष्ट नाही. ती टेकून बसत नव्हती.

शिंगाड्यांच्या ढिगाजवळ दुर्गेशला गुलशन दिसला.

गुलशन हा बिरसीला विमानाला हात दाखवणारा. विमान उतरून आलं की तो जॅकेट घालून समोर उभा राहायचा, दोन्ही हातात नारिंगी दांडके धरून. या म्हटलं की विमान यायचं, डोक्यावर हातांची कैची केली की थांबायचं. आज त्याच्या हातात कागदाच्या पुडीत उकडलेले शिंगाडे होते, आणि बाजूला त्याची बायको शामकला बांगड्या पाहत होती.

"गुलशन? तू इथे? आज फेरी आहे ना?"

"जय राम जी की, साहेब." गुलशनने पुडी मागे लपवली. "नाई साहेब. मंगाशी गेटवरूनच वापस पाठवलं."

"मग विमानाला हात कोण दाखवेल?"

"कोनीच नाई, साहेब. विमानच नाई तं." गुलशनने इकडेतिकडे पाहिलं. "ज्याईचं भाड्याचं होतं, ते लोक आले म्हनते हैदराबादले. तिकडंच धरलं. आता उठत नाई ते. कंपनी खतम."

"तुला कोणी सांगितलं?"

"गेटवरच्या वॉचमननं." गुलशन कसनुसं हसला. "आपल्याले सांगनारं दुसरं कोन हाये साहेब? दिवाळीचा पगारबी त्यानंच सांगतला होता, का येनार नाई म्हनून."

"चला ना जी," शामकला म्हणाली. "साहेबाले कायले अडवून राहिले? त्याईले नारळाले जाचं हाये."

तेव्हा गुलशनची नजर दुर्गेशच्या खांद्यावर गेली. मागच्या फेरीला दुर्गेश विमानातून उतरला तेव्हा गुलशन समोरच होता. तीन पट्ट्या त्याने पाहिल्या होत्या. गुलशनचे डोळे चौथ्या पट्टीवर, तिच्या पिवळ्या रंगावर, हाताच्या टाक्यांवर थांबले.

दुर्गेश वाट पाहत राहिला.

गुलशनने शिंगाड्यांची पुडी बायकोच्या हातात दिली. पाय जोडले, आणि विमानासमोर करायचा तसाच, कडक सलाम केला.

"चलतो, कॅप्टन साहेब," तो म्हणाला.

भोंगा थांबला. मग वाजंत्री थांबली. बकाराम मंडपासमोरच्या दगडाजवळ नारळ घेऊन उभा राहिला, आणि सगळ्या मंडईने वर पाहिलं.

आभाळ निळंशार होतं. त्यात काहीही नव्हतं. इतकी माणसं एकदम गप्प झाल्यावर जिलबीच्या कढईचा आवाजसुद्धा ऐकू येऊ लागला.

"आवाज आला! आवाज आला!" शालीकराम माइकवर ओरडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आवाज पलीकडच्या बांधीतल्या मळणीयंत्राचा होता. कोणीतरी जाऊन त्याला ते बंद करायला लावलं, म्हणजे विमान नीट ऐकू यावं. आता तोही आवाज गेला.

बकारामचा हात अवघडला. त्याने नारळ दुसऱ्या हातात घेतला. माना दुखायला लागल्या, तरी कोणी खाली पाहिना, न जाणो तेवढ्यात विमान जायचं. चार-दोन बगळे डोक्यावरून गेले. त्यांच्याकडे आजवर इतक्या लोकांनी कधी पाहिलं नसेल.

"लेट हाये का, साहेब?" बकारामने हळूच विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता. पोस्टरवर त्याने विमानाचंही चित्र टाकलं होतं. "तुमी फोन लावून पाहा ना. म्हना, पिंपळटोलावाले थांबले हाये."

दुर्गेशने पहिल्या रांगेकडे पाहिलं. शांतीबाई वर पाहत होती. एक हात कपाळावर आडवा धरलेला, डोळे किलकिले. आपला मुलगा खाली उभा असतानाही ती वर त्यालाच शोधत होती.

त्याने शालीकरामच्या हातातला माइक घेतला.

"नमस्कार," तो म्हणाला. आवाज आपोआप तोच निघाला, विमानातला, कुठलीही बातमी असो न हलणारा. "मी तुमचा कॅप्टन..." तो थांबला. "मी दुर्गेश हरिणखेडे बोलतो. विमान येणार नाही. आज नाही, उद्याही नाही. कंपनी बंद पडली आहे. मी कॅप्टनही राहिलो नाही, दिवाळीआधीच त्यांनी मला खाली उतरवलं. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

शेवटचं वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते स्वतःच बाहेर पडलं.

मग मागच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या. मागच्या लोकांना शब्द नीट ऐकू गेले नव्हते, पण साहेब किती छान बोलले हे मात्र कळलं होतं. टाळ्या पुढे येत येत पहिल्या रांगेपर्यंत आल्या आणि तिथे येऊन विरल्या.

"मंग नारळ?" बकाराम म्हणाला. एवढ्या वेळात तो पाच वर्षांनी म्हातारा दिसू लागला होता.

"फोडा, काकाजी. विमान नव्हतं तेव्हाही मंडई भरतच होती."

बकारामने फोडला. वाजंत्री सुरू झाली, पण जरा वेळ ती एकटीच वाजत होती. दंडारीतली मंडळी घुंगरू बांधून तयार होती, त्यांनी नाच सुरू केला, आणि लोकांना वर न बघता समोर बघायला काहीतरी मिळालं. शालीकराम माइक बंद करून हळूच दुर्गेशजवळ आला. "तरी मी म्हनत होतो," तो म्हणाला, "चेहरा वाळलेला दिसते."

शांतीबाई खुर्चीवरून उठली. बाजूच्या बाईने ती लगेच घेतली.

ती सरळ गाडीकडे चालू लागली. आत बसल्यावर तिने पदर सारखा केला आणि समोर पाहत विचारलं, "मंग ते पट्टी पडली नव्हती?"

"नाही, माय. काढली."

"त्याईनं?"

"हो."

"मले सांगाचं होतं. मी लुगडं फाडलं नसतं."

दुर्गेशने चावी लावली, फिरवली नाही.

"बरं," ती म्हणाली, "फाडलं तं फाडलं." तिने वाकून त्याच्या खांद्यावरचं उसवलेलं टोक नखाने आत दाबलं. ते पुन्हा वर आलं. तिने पुन्हा दाबलं आणि तिथेच बोट धरून ठेवलं. "रवितेले मालूम हाये?"

"हो."

"तिले कायले आधी सांगतलं?" एवढंच विचारून ती खिडकीबाहेर पाहू लागली.

गाडी काढायला जागा नव्हती. बैलबंड्या, ट्रॅक्टर, मोटारसायकली, सगळे येतील तसे लागले होते. दुर्गेश मागेपुढे पाहत असताना समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. गुलशन होता. त्याने कोणाला न विचारता दोन मोटारसायकली उचलून बाजूला केल्या, एका बंडीवाल्याला बैल धरायला सांगितलं, आणि गाडीच्या नाकासमोर काही पावलांवर पाय रोवून उभा राहिला. हातात दांडके नव्हते. त्याने रिकामेच दोन्ही हात वर केले आणि कोपरातून मागे वाकवले. या.

दुर्गेशने गाडी पुढे घेतली. गुलशन मागे मागे सरत होता, धसकटावर न अडखळता, नजर चाकांवर. डावा हात स्थिर, उजवा हलता. जरा डावीकडे. आणखी. सरळ. बाजूचे लोक बघत होते. कोणी हसलं नाही.

धुऱ्याच्या तोंडाशी एक ट्रॅक्टर आडवा आला. गुलशनने दोन्ही हात डोक्यावर नेले आणि कैची केली.

दुर्गेशने ब्रेक दाबला. मग काचेसमोर हात उचलून मूठ बंद करून दाखवली, ब्रेक लागल्याची वैमानिकांची खूण.

गुलशनने मान हलवली, पण हात खाली घेतले नाहीत.

"का म्हनून राहिला तो?" शांतीबाईने विचारलं.

"थांबा म्हणतो."

"मंग थांब ना, बाबू," ती म्हणाली. तिचं बोट अजून त्याच्या खांद्यावरच होतं.